अधिसूचनेला कोंब फुटू नयेत म्हणून

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘ग्रँड ओनियन चॅलेंज’ नावाची स्पर्धा काढली होती. कांदा टिकवायची युक्ती सुचवा, अशी देशातल्या हुशार पोरांना हाक होती. पुढच्या वर्षी टोमॅटो महागला, तर त्याचंही चॅलेंज निघालं. मुदत केव्हाच टळली आहे, तरी आमचा अर्ज दाखल करून घ्यावा ही विनंती.

आमची कल्पना नवी नाही, हे आधीच सांगतो. चाळीतल्या उन्हाळ कांद्याचं वजन घटतं, तो सडतो, कोंब धरतो. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर चालणारं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण दिले की कांद्याला कोंब येत नाहीत. आमचं म्हणणं एवढंच, की त्या यंत्रात कांद्याच्या आधी सरकारी अधिसूचना घालावी.

कारण कोंब तिलाच जास्त फुटतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबर सरता सरता त्यातून टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य उगवलं. डिसेंबरात थेट बंदी, ३१ मार्चपर्यंतच म्हणे. मार्च संपायच्या आत बंदीलाही कोंब आला आणि ती ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परदेशी जायची मुभा मिळाली. नाशिकच्या कांद्याने आरशात स्वतःचा रंग पाहून घेतला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट ठेवून. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मे रोजी होतं, हा निव्वळ योगायोग. तरी दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्रीच पडल्या. सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आलं. विधानसभेचं मतदान नोव्हेंबरात होतं, हा दुसरा योगायोग. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ पासून. तारीख वाचून बऱ्याच जणांना आधी चेष्टाच वाटली असेल. तोवर नव्या कांद्याची आवक वाढून भाव उतरलेही होते.

तंत्रज्ञान कुठे आहे, असं परीक्षक विचारतील. आहे ना! सोबत एक सॉफ्टवेअरही देतो आहोत. त्यात दोन आकडे भरायचे: दिल्लीतला किरकोळ भाव आणि निवडणूक आयोगाचं वेळापत्रक. निर्णय आपोआप बाहेर पडतो. सध्या हे काम अधिकाऱ्यांना हाताने करावं लागतं, त्यांचा वेळ वाचेल. लासलगावच्या लिलावातला भाव भरायलाही रकाना ठेवला आहे, पण त्याची वायर कशाला जोडलेली नाही. आहे त्या पद्धतीत ढवळाढवळ करायचा आमचा हेतू नाही.

भाव चढला तर काय करायचं, हे सरकारला तोंडपाठ आहे. शुल्क लावायचं, साठ्यातला कांदा गाडीवर स्वस्तात विकायचा; २०२३ मध्ये तो २५ रुपये किलोने विकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर लासलगावाहून दिल्लीला १,६०० टन कांदा घेऊन खास रेल्वे धावली. भाव पडला तर? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. त्याच्यासाठी कुठली गाडी सुटली नाही. राज्याने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, पण त्यासाठी सातबारा आणला का, त्यावर पीकपेरा नोंदला का, विक्रीची पावती कुठे आहे? दोन रुपयांच्या व्यवहारात एवढी चौकशी दुसऱ्या कुणाची होत नसेल.

याउलट, जुलै २०२४ मध्ये मोबाइल कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा कुणाच्या टॉवरवर साठामर्यादा आली नाही. फोडणीत पडणाऱ्या वस्तूलाच महाग व्हायची बंदी आहे.

अर्जात ‘प्रयोगासाठी लागणारे साहित्य’ असा रकाना असेलच. त्यात एक अधिसूचना लिहावी. नमुना आम्हाला कुरिअरने पाठवायची गरज नाही. दिल्लीत कांदा किलोमागे पाच रुपयांनी चढू द्या, ताजीच निघेल.