स्लॅबच्या आधी, वाटणीच्या आधी

नव्या घराची वायरिंग स्लॅबच्या आदल्या दिवशी ठरते. सळई बांधून झालेली असते, मिक्सर आणि लिफ्टवाली टोळी सकाळी सातला येणार असते, आणि वायरमन घरमालकाला विचारतो, "पंखे कुठं कुठं घ्यायचे?" बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागात घराचा नकाशा पुष्कळदा वहीच्या पाठकोऱ्या पानावर असतो आणि त्यात दारे-खिडक्या असल्या तरी पंखे नसतात. उत्तर मात्र संध्याकाळच्या आत द्यावे लागते. एकदा काँक्रीट पडले की छतातला वायरीचा पाइप पिढीभर हलत नाही. रंग बदलतो, फरशी बदलते, घरात सुना येतात, मुली जातात. पाइप जिथे आहे तिथेच राहतो.

माळवदाच्या घरांना ही चिंता नव्हती. घर आधी बांधलेले असे आणि वीज फार नंतर येई. तुळईवर लाकडी पट्टी ठोकून तिच्यावरून वायर नेत, आणि कोणती वायर कुठे गेली ते पाळण्यातल्या पोरालाही दिसे. पुढे प्लॅस्टिकची केसिंग-पट्टी आली, मग स्लॅबची घरे आली आणि वायर भिंतीच्या पोटात गेली. घर देखणे झाले. पण घरातली वीज कोणत्या वाटेने येते ही माहिती एकट्या वायरमनकडे उरली. गावात त्याचे वजन वाढले ते तेव्हापासून.

छतातल्या पाइपांचे नियम थोडे आहेत. आयएसआय शिक्क्याचा पीव्हीसी पाइप लाइट, मीडियम आणि हेवी अशा तीन जातींत मिळतो. स्लॅबमध्ये २५ मिलिमीटरचा मीडियम किंवा हेवी घालावा, कारण दुसऱ्या दिवशी घमेली घेतलेली माणसे त्याच्यावरूनच ये-जा करणार असतात. पाइपाच्या पोकळीतली साधारण ४० टक्के जागाच वायरींनी भरावी. वळणाला एल्बो न घालता लांब बेंड घालावा, आणि दोन वळणांनंतर मध्ये बॉक्स द्यावा; नाहीतर वायर ओढताना दोन माणसे, एक जीआय तार आणि बऱ्याच शिव्या खर्ची पडतात. पाइपांची तोंडे बंद ठेवावीत. ती सिमेंटच्या पोत्याच्या तुकड्याने बंद केली जातात, स्लॅबच्या गडबडीत तो तुकडा निघतो आणि पाइपात लगदा शिरतो. हे कळते चार महिन्यांनी, तार अडते तेव्हा. वायरमन सेंट्रिंगवाल्याचे नाव घेतो, सेंट्रिंगवाला टोळीचे, आणि टोळी तोवर पांगरीकडे कुणाचा तरी स्लॅब भरत असते.

पंखा खोलीच्या मधोमध यावा हे सर्वांना मान्य असते. वाद असतो तो खोली कुठून कुठपर्यंत आहे याचा. स्लॅबनंतर वास्तू पाहणारे गृहस्थ येतात आणि आग्नेयेतले स्वयंपाकघर दोन फूट सरकवतात. मग पंखा कपाटाला वारा घालत बसतो.

सगळ्यांत नाजूक प्रश्न वायरमन चहा पिताना विचारतो: "मीटर एकच घ्यायचा का दोन?" घर दोन भावांचे असते. आई तिथेच तांदूळ निवडत असते. थोरला आढ्याकडे बघतो, धाकटा मोबाइलकडे, आणि दोन्ही जावा एकाच वेळी कप उचलून आत जातात. प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य आहे. आज खाली-वर मिळून एकच डीबी (फ्यूज-स्विचांची मुख्य पेटी) आणि एकच मुख्य पाइप ठेवला, तर उद्या वेगळे मीटर घेताना जिना, दिवाणखाना आणि देवघराची भिंत अशा तीन ठिकाणी फोडाफोड होते. तरीही स्लॅबचा नारळ फुटायच्या आत वाटणीचा विषय काढणारा वायरमन अशुभ ठरतो आणि पुढच्या घराचे काम दुसऱ्याला जाते.

सोलापूर जिल्ह्याला खरे तर मोठमोठ्या जोडण्यांची सवय आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची वीजजाळी उरलेल्या देशाच्या जाळीला जोडली गेली. तेव्हापासून सगळा भारत एका वारंवारितेवर चालतो. त्याच जिल्ह्यात दोन सख्ख्या भावांना एका मीटरवर ठेवणे हे अभियांत्रिकीच्या पलीकडचे काम आहे. बिल अर्धे-अर्धे करायचे म्हटले, तर एकाचा गिझर निघतो आणि दुसऱ्याची पोरे रात्रभर पंखा लावून झोपतात असे निघते.

अनुभवी वायरमन यावर जो तोडगा काढतो त्याला तोड नाही. तो म्हणतो, "वरचा मजला पुढंमागं भाड्यानं दिला तर असू द्या," आणि मीटरच्या जागेपासून वरपर्यंत एक मोठा पाइप रिकामाच टाकून ठेवतो. आई मान डोलावते. वैरागात त्या मजल्यावर भाडेकरू येणार नाही हे सर्वांना ठाऊक असते. भाडेकरू म्हणजे कोण तेही ठाऊक असते. पाइपाचा खर्च कुणालाच जड वाटत नाही.

भिंतीतल्या पाइपांसाठी प्लास्टरच्या आधी कटरने झिरी मारतात. झिरी उभी किंवा आडवी असावी. तिरकी मारली की पाइप वाचतो, पण पुढे खिळा कुठे ठोकायचा याचा अंदाज राहत नाही. झिरीवर जाळी मारून प्लास्टर केले नाही, तर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीवर पाइपाचा संपूर्ण नकाशा तड्यांच्या रूपाने उमटतो, आणि त्या घरापुरती ती सोयच म्हणायची. एरवी प्लास्टरआधी भिंतींचे फोटो काढून ठेवावेत, टेप लावून. ते फोटो ज्या मोबाइलमध्ये असतात तो पाण्याच्या टाकीत पडतो, आणि पुढे आजोबांची तसबीर लावताना खिळा नेमका पाइपात जातो.

स्विचबोर्ड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर आणि दाराच्या कडीच्या बाजूला असावा. दार कोणत्या बाजूला उघडणार हे सुतार ठरवतो आणि सुतार वायरमननंतर येतो. म्हणून बऱ्याच घरांत दिवा लावण्यासाठी आधी खोलीत शिरून दार लावून घ्यावे लागते. जिन्याला वर-खाली टू-वे स्विच घ्यावा.

स्वयंपाकघरातले पॉइंट बहुधा तिथे कधीच न राबणारी माणसे ठरवतात. ओट्यावर एक बोर्ड पुरे, असे पुरुषमंडळींचे एकमत होते. मग घरातली बाई एकच विचारते, "मिक्सरची पिन लावली की फिल्टरची काढायची का?" या प्रश्नाला उत्तर नसते. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि ओव्हन यांना वेगवेगळे पॉइंट लागतात. ज्वारीच्या भाकरीच्या मुलखात घरघंटीही आलीच, आणि तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. वायरमनची मजुरी पॉइंटवर असते. त्यामुळे तो जास्त पॉइंट सुचवतो तेव्हा त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाते, आणि दोन पॉइंट कमी करून वाचवलेल्या पैशात पहिल्याच वर्षी एक्स्टेंशन बोर्ड येतो.

वायरींचे गणित सोपे आहे: दिव्या-पंख्यांना दीड एमएम, पॉवर पॉइंटला अडीच, गिझर आणि एसीला चार. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा असावा. फेजला लाल, पिवळी किंवा निळी वायर, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. वायरीचे बंडल ९० मीटरचे येते आणि लाल बंडल नेहमी शेवटच्या खोलीत संपते. तिथे हिरवी वायर फेजला लावली जाते. दहा वर्षांनी येणाऱ्या वायरमनसाठी यासारखा दुसरा सापळा नाही, आणि याबाबतीत हसून सोडून देण्याजोगे काही नाही.

अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरतात. माती ओली असेल तरच तो काम करतो, आणि वैरागचा उन्हाळा बोअरही आटवणारा. खड्ड्याला वरून पाणी घालण्यासाठी पाइप ठेवलेला असतो, पण तुळशीला रोज तांब्या घालणाऱ्या घरात या पाइपाकडे कुणी फिरकत नाही. पिनेतला सर्वांत लांब आणि जाड खिळा अर्थिंगचा असतो. तो आधी जोडला जावा म्हणून लांब असतो, बोर्डात बसत नाही म्हणून कापण्यासाठी नव्हे. सोबत डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ, असावी. ती सारखी पडते अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा तिचे काही चुकलेले नसते.

इन्व्हर्टरची वायरिंग वेगळी घ्यावी लागते. सोलापूरजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. तरी वळवाच्या पहिल्या वाऱ्यात बाभळीची फांदी तारेवर पडली की लाईट जायची ती जातेच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. ७५ वॉटचे दोन जुने पंखे आणि दहा वॉटचे चार बल्ब त्यावर सात-आठ तास निघतात. म्हणजे पंखे दोनच आणि खोल्या चार. त्या दोन खोल्या कोणत्या यावरून कुटुंबातला कर्ता कोण हे कोणत्याही दस्तापेक्षा स्पष्ट कळते. तीसेक वॉटचे बीएलडीसी पंखे घेतले तर चारही खोल्या भागतात. पण मग आपल्या खोलीचा मान कमी झाल्याची कुणाची तरी तक्रार येते.

इंटरनेट, टीव्ही आणि कॅमेऱ्याच्या केबली विजेच्या पाइपातून नेऊ नयेत. त्यांचा पाइप वेगळा आणि थोडा लांबून असावा. गच्चीपासून मीटरपर्यंतही एक पाइप मोकळा ठेवावा. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले, तेव्हा असा पाइप नसलेल्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून वायरी उतरल्या. लँडलाइन फोनसाठी ठेवलेले पॉइंट मात्र जुन्या घरांत अजून कोरे आहेत.

शेवटी मेगरने तपासणी होते. इन्सुलेशनचा रोध एक मेगाओहमच्या खाली येऊ नये. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून मीटरचा अर्ज भरायचा असतो आणि त्यात घराचा भार लिहायचा असतो. गिझर २००० वॉट, दीड टनाचा एसी १५००, बोअरची दीड एचपीची मोटर ११००, इस्त्री १०००, एक एचपीची घरघंटी ७४६: एवढ्यातच बेरीज सहा किलोवॉटच्या वर जाते. घरमालक सांगतो, "दोन पंखे न चार बल्ब लिहा." हीच यादी एकही वस्तू न गाळता ऐकायची असेल, तर घरातल्या एखाद्या पोराला स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांत जाऊन बसावे.