धाकटीचं मेजर-मायनर

"ऐकलंत का ताई, धाकटीनं अर्थशास्त्र घेतलं. आणि जोडीला राज्यशास्त्र!"

शेजारच्या वहिनींनी ही बातमी आवाज खाली करून दिली. बारावीचा निकाल लागला तेव्हा हाच आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचला होता. आमच्या कडीपत्त्याच्या निम्म्या फांद्या त्यांच्या बाजूला वाकल्यात, त्यामुळे फोडणीच्या वेळेला कुंपणाशी त्यांची एक फेरी ठरलेली. आज मात्र पानं तोडून झाली तरी त्या हलेनात.

"अर्थशास्त्र एक वेळ समजू शकते. बँकेत तरी चिकटेल. पण राजकारण शिकायला पुण्याला कशाला जायला हवं? ते आपल्या वॉर्डात बसून फुकट शिकता येतं."

"मग तिला तसं म्हणालात का?"

"म्हणाले. तर म्हणते, आई, नव्या शैक्षणिक धोरणात मेजर आणि मायनर असतं. मेजर इको, मायनर पॉलिटिकल. म्हटलं, मायनर आहे ना, मग राहू दे."

वहिनींची थोरली हिंजवडीत आयटीत आहे. त्यामुळे घरात कुठलाही अभ्यासक्रम पॅकेजच्या काट्यावर तोलला जातो. पण माझा जन्म सरकारी कचेरीत पगारबिलं काढण्यात गेला. हे दोन विषय वेगळे असतात हे मला तिथं कधी दिसलं नाही. म्हटलं, "वहिनी, ही जोडी लावायला पैसे आपल्या साताऱ्यानंच दिलेत. पुण्यात बीएमसीसी रोडवरची गोखले इन्स्टिट्यूट माहितीय ना? नावातच पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स दोन्ही. १९३० साली निघाली. देणगी कुणाची? साताऱ्याचे वकील, रावबहादूर काळे यांची."

"अगंबाई, आपले काळे?" साताऱ्याचं नाव निघाल्यावर वहिनींनी कडीपत्ता कुंपणाच्या कठड्यावर ठेवला.

मग मला राहवेना. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनला शिकवायचे, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. १९०२ साली सरकारनं अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली, तर हे उभे राहून विचारतात, देश दुष्काळानं पिचलाय आणि तुमच्या तिजोरीत शिल्लक उरते कशी? म्हणजे कर जास्त घेताय. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. एकट्या गोखल्यांमुळे उतरला असं मी म्हणत नाही, सरकारचीही आपली गणितं असणार. पण आकडे नीट वाचता आले म्हणून त्यांना भांडता आलं.

"आणि आंबेडकर? आपल्या साताऱ्याच्या, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलातले. त्यांचा कोलंबियाचा प्रबंध कशावर? मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, त्यावर. १९३९ साली त्याच गोखले इन्स्टिट्यूटच्या काळे व्याख्यानाला ते पुण्यात बोलले, संघराज्यावर. आता सांगा, त्यांचं मेजर कुठलं आणि मायनर कुठलं?"

वहिनी म्हणाल्या, "ती माणसं वेगळी हो."

"बरं, मग गाडगिळांचं ऐका." धनंजयराव गाडगीळ त्या संस्थेचे पहिले संचालक, १९६६ पर्यंत. मधल्या काळात विखे पाटलांच्या प्रवरेच्या साखर कारखान्याचे अध्यक्षही झाले. अर्थशास्त्राचा पंडित उसाच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत! नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. तिथं राज्यांची एकच तक्रार, की केंद्र मर्जीतल्याला जास्त देतं. गाडगिळांनी सूत्र बांधून दिलं: साठ टक्के लोकसंख्येवर, दहा दरडोई उत्पन्न कमी असलेल्यांना, दहा कर गोळा करण्याच्या खटपटीवर, दहा चालू पाटबंधारे आणि विजेच्या प्रकल्पांना. आणि उरलेले दहा? 'विशेष अडचणी'!

वहिनींना हे फारच पटलं. "आमच्या भिशीत तेच. पहिली उचल कुणाला, असं विचारलं की प्रत्येकीची अडचण विशेष."

"तेच म्हणते मी. नव्वद टक्क्यांना हिशेब येणारा माणूस पुरतो. शेवटच्या दहाला, समोरचा खरंच अडलाय की नुसता मोठ्यानं बोलतोय, ते ओळखणारा लागतो."

एवढ्यात थोरली मोबाईल घेऊन बाहेर आली. रविवार होता, स्वारी घरीच. "काकू, तुम्ही पगाराचंच काम करायचात ना? ही माझी स्लिप बघा. पीटी दर महिन्याला दोनशे कापतात. मग फेब्रुवारीत तीनशे का? एचआरवाल्यांना विचारलं तर म्हणे, सिस्टिममध्ये तसंच आहे."

पीटी म्हणजे व्यवसाय कर, आणि त्याचा प्रश्न म्हणजे माझं माहेर. "अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे. वर्षाला अडीच हजार पुरे करायला फेब्रुवारीत तीनशे. आणि अडीच हजारच का? राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं त्यावर टोपण घातलंय म्हणून. आधी अडीचशे होतं, १९८८ साली घटना दुरुस्त करून अडीच हजार केलं. तेव्हापासून तेच."

"इतकी वर्षं? महागाई भत्ता नाही त्याला?"

"नाही. वाढवायचं तर दिल्लीत घटनादुरुस्ती पाहिजे. आता बघ, तुझ्या स्लिपमधली ही एक ओळ तुझ्या बहिणीच्या कुठल्या विषयात बसते?"

ती हसली, पण हा कर आला कुठून हे तिला ठाऊक नव्हतं. १९७५ साली महाराष्ट्रानं तो लावला रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती योजना लावून धरली होती. शहरातल्या नोकरदाराकडून घ्यायचं आणि गावाकडच्या मजुराला काम द्यायचं, जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. १९७७ साली कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा. २००५ साली दिल्लीनं देशासाठी कायदा केला, त्याच्या कितीतरी आधी.

पायरीवर शेंगा फोडत बसलेल्या वहिनींच्या सासूबाई मध्येच बोलल्या. त्या माण तालुक्यातल्या. "बाहत्तरला म्या खडी फोडलीया. पोराला झाडाखाली झोळीत टाकायचं आन् घण घ्यायचा. सुकडी मिळायची. पर काम कवा बंद हुईल त्येचा नेम नसायचा. मुकादम म्हनला उद्या या, तर उद्या."

"ती दुष्काळी कामं होती आजी, सरकारनं काढली तर काढली. कायदा नंतर आला. मग मागितलं की द्यायचं, असं झालं."

"दिलं का समद्यांनी?"

"सगळीकडं नाही दिलं."

"मंग कायदा काय कामाचा?" असं म्हणून त्यांनी शेंग फोडली. याच प्रश्नावर लोकांनी पीएचड्या केल्यात, पण मी ते काही बोलले नाही.

मला काळजी आहे ती वेगळीच. कॉलेजात सकाळी आठला मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायच्या, अकराला घटनेची कलमं पाठ करायची. रेषा शिकवणारा कलमांचं नाव काढत नाही, कलमं शिकवणारा पैशाचं. दोन तासांच्या मधल्या जिन्यात त्यांची सांगड पोरांनीच घालायची. ऑक्सफर्डात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि वर तत्त्वज्ञान असं तिन्ही मिळून शिकवायला लागून शंभर वर्षं झाली. तिथून निघालेले सगळे शहाणे निघाले असंही नाही म्हणा. ब्रिटनचे पंतप्रधान बघा, निम्मी रांग तिथलीच वाटते.

"पण एमपीएससीला उपयोग होतो ना?" वहिनी मुद्द्यावर आल्या.

"होतो. पण तेवढ्याचसाठी असेल तर गाईडं आणून द्या, कॉलेजची फी वाचेल. ती स्वतः काय म्हणते?"

"ती म्हणते, आपल्या पाण्याची पट्टी कोण ठरवतं ते मला कळलं पाहिजे."

"मग घेऊ द्या की."

"घेऊ देते हो. फी भरलीसुद्धा." वहिनींनी कडीपत्ता उचलला आणि समोरच्या बंगल्याकडं एक नजर टाकली. "फक्त एक करा. समोरच्यांना मी नुसतं इको सांगितलंय. पॉलिटिकलचं तुम्हीही बोलू नका. त्यांचे मिस्टर नगरसेवकपदाला उभं राहायचं म्हणतायत, उगीच पोरीला प्रचाराला न्यायचे."