पीपी, मुक्काम भैंसा

कल्याणहून निघालेला महामार्ग नगर, परभणी, नांदेड, भोकर करत निर्मळला जातो आणि निर्मळच्या जरा आधी भैंसा लागतं. शहाण्या प्रवाशानं इथं उतरू नये. सरळ निर्मळ गाठावं आणि पोनिकीच्या हलक्या लाकडाची ती रंगीत खेळणी बघावीत. मी उतरलो, कारण मला त्याचाच पगार होता. नांदेडच्या एका कापूस व्यापाऱ्याकडं मी नोकरीला होतो आणि 1998च्या हंगामात शेठजींचा हुकूम निघाला : भैंशात खोली घ्या, खोलीत फोन घ्या, मार्केट यार्डात लिलाव झाला की भाव कळवा.

प्रेक्षणीय स्थळांचं एकदाच उरकून घेतो. बासरला जाऊन आलो. गोदावरी आहे, सरस्वतीचं देऊळ आहे आणि पाटीवर आयुष्यातलं पहिलं अक्षर गिरवावं लागणार म्हणून भोकाड पसरलेली पोरं आहेत. मला ती पोरं आवडली. आता फोनकडं वळू.

खोली लगेच मिळाली. जुना वाडा, मध्ये चौक, एक नळ, एक संडास आणि त्यांवर हक्क सांगणारी चार बिऱ्हाडं. पुढच्या खोल्यांत घरमालकीण अक्का, बाजूला मराठी शाळेतले मास्तर, मागं विड्या वळणाऱ्या खाला आणि माडीवर मी. वाड्यात भांडण झालं की अक्का तेलुगूत रागवायच्या, मास्तर मराठीत समजूत घालायचे आणि खाला दखनीत निकाल द्यायच्या. निकाल बहुधा माझ्या विरुद्ध जायचा.

फोनच्या अर्जाला घरमालकाची संमती हवी. घर अक्कांच्या यजमानांच्या नावावर, यजमान देवाघरी, दुसरा हिस्सा दिरांचा, दीर हैदराबादला. त्यांना पत्र घातलं. उत्तर फोनवर आलं, कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी बूथवर. "एवढा चांगला बूथ जवळ असताना घरात फोन कशाला?"

मग रहिवासाचा पुरावा. माझं रेशनकार्ड नांदेडचं, म्हणजे दुसऱ्या राज्याचं. मी खिडकीतल्या कारकुनाला समजावून सांगितलं, की 1956पर्यंत अख्खा मुधोळ तालुका भैंशासकट नांदेड जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत त्याचा भैंशाकडचा भाग आदिलाबादला गेला आणि आदिलाबादचं किनवट नांदेडला आलं. तेव्हा तुमचं-आमचं असं काही नाहीच. त्यानं सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गॅसचं पुस्तक आहे का?"

शेवटी शेठजींचं हमीपत्र, अक्कांची चिठ्ठी आणि कंटाळलेल्या दिरांची सही, एवढ्यावर काम भागलं. डिमांड नोट आली, पैसे भरले आणि सायकलवरून तारेचं भेंडोळं घेऊन लाइनमन अवतरले.

फोनच्या तारांचा खांब गल्लीत, माझी खिडकी समोर. मध्ये फक्त चौक. पण अक्का म्हणाल्या, "देवघरावरून तार नेऊ देणार नाही." मास्तरांनी आकाशातली वीज तारेतून घरात कशी उतरते ते शिकवलं, फळ्याशिवाय. खालांच्या पत्र्यावर माकडं यायची. तार दिसली तर ती मुक्कामालाच येतील, असं त्यांचं म्हणणं. लाइनमननी मग लिंबाच्या झाडावरून, संडासामागून, नळावरून असं करत वाड्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. फोन लागला नसता तरी पुण्य लागलंच असतं.

फोन लागला. माझ्या खोलीत मात्र लागला नाही. तार जिन्यापर्यंतच पुरली. जिन्याच्या वळणावर लाकडी खोक्यात तो बसवला आणि बाहेर जाणाऱ्या फोनसाठी कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडं. येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत हे शास्त्र वाड्याला आधीच ठाऊक होतं. आठवडाभरात मास्तरांच्या मुलीच्या स्थळपत्रिकेवर माझा नंबर आला, पुढं कंसात पीपी, म्हणजे फोन शेजारचा, बोलावून घ्यावं. नंबर दिरांकडं गेला. दूधवाल्याकडंही गेला.

लिंबाखालची तार अक्कांना धुण्यासाठी सोयीची वाटली. ओली नऊवारी पडली की शेठजींचा आवाज फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायचा. "काय भाव?" हे दोन शब्द ऐकायला मला आधी लुगडं उचलावं लागे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाईवर यायचा, त्यामुळं भारतातले सगळे काटकसरी नातेवाईक अकरा वाजून एक मिनिटानं जागे व्हायचे. मी अंधारात जिना उतरायचो आणि दारं ठोठावायचो. याचसाठी का मी कॉमर्स शिकलो?

1984 साली निघालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेनं खेड्यांसाठी छोटं एक्सचेंज बनवलं होतं. त्याला गारव्याची गरज नाही, उन्हाळ्यात नुसत्या वाऱ्यावर चालतं, असं लाइनमननी मला अभिमानानं सांगितलं. मी मार्चमध्येच बंद पडलो होतो.

खालांचा मुलगा दुबईला. या भागातून आखातात गेलेली पोरं घरोघर. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून खाला मांडीवर सूप घेऊन फोनखालच्या पायरीवर येऊन बसायच्या. तेंदूचं पान, तंबाखू, दोरा, हात थांबत नसत. घंटी वाजली की पहिला प्रश्न ठरलेला, "खाना खाया क्या?" एका शुक्रवारी घंटी वाजलीच नाही. संध्याकाळ झाली, सूप विड्यांनी भरलं, तरी त्या उठेनात. मी खाली आलो, रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायल टोन ठणठणीत होता.

"लाइन डेड है खाला," मी म्हणालो.

"हौ? मैं बोली ना, पोरा भूलता नै," म्हणत त्या उठल्या.

सकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या वाड्यात. मुलाकडच्यांचा फोन अडला म्हणून मास्तरांनी लेखी तक्रार दिली. लाइनमन आले, खांबावर चढले, तारेच्या टोकाची रोझेटची डबी उघडून पाहिली, काही सापडेना. मग त्यांची नजर तारेवरच्या नऊवारीवर गेली. त्यांनी ती काढून घडी घालून अक्कांच्या हातात दिली आणि जे काही बोलले ते तेलुगूत होतं, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. अक्का आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. खालांना पुढच्या शुक्रवारी फोन आला.

हंगाम उतरणीला लागला तसा शेठजींचा फोन माझ्यासाठी येईनासा झाला. अक्कांचा भाचा जिनिंगमध्ये होता. मी यार्डातून सायकल मारत येईपर्यंत त्या शेठजींना कापसाचा भाव, सरकीचा भाव आणि उद्या किती गाड्या येतील, हे सगळं सांगून मोकळ्या झालेल्या असत. शेठजी एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुम्ही परत या. बाई चोख सांगतात आणि त्यांना पगारही द्यावा लागत नाही."

मी ट्रंक भरली. मास्तर जिन्यापर्यंत पोचवायला आले, डोळे किंचित ओले.

"जाताय खरे," ते म्हणाले, "पण किल्ली?"