दहाच्या आत

प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की तेलंगणातल्या मावला गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींत एकच प्रश्न फिरतो: "तुझं किती आलं?" पूर्वी तो निकालाच्या दिवशी, मार्कांबद्दल असायचा. आता असतो चोरी पकडणाऱ्या यंत्राने काढलेल्या साम्याच्या टक्क्यांबद्दल. नऊवाला मिरवतो, एकोणतीसवालीचं तोंड उतरतं.

दोष एकट्या पोरांचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० पर्यंत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा, ६० पर्यंत वर्षभर मनाई, त्यापुढे नोंदणीच रद्द. दंड प्रबंधांना, पण धसका पदवीच्या प्रकल्पालाही. मग शब्दांचं वेषांतर सुरू होतं. शेतकऱ्याचा कृषीवल होतो, पावसाचा पर्जन्य. ‘श्यामल भूमीत कृषीवल शुभ्र तंतूंची लागवड करतो’ हे वाचून ज्यांच्या शेतात कापूस उभा आहे, त्या वडिलांनाही आपलं शेत ओळखू येऊ नये!

मावल्यात आणखी एक सोय आहे. घरात मराठी, बाजारात तेलुगू, पुस्तकांत इंग्रजी. तेलुगूतला लेख गुपचूप मराठीत उतरवला की यंत्राला बहुधा पत्ता लागत नाही. पण आयोगाची व्याख्या शब्दांपाशी थांबत नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवली, की झाली चोरी. सीमेवरची पैनगंगा ओलांडली म्हणून बैलाचा मालक बदलत नाही.

गंमत म्हणजे, मूळ लेखकाचं नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर या टक्क्यांत धरतच नाहीत. संदर्भसूची आणि ऋणनिर्देशही सोडून देतात. सलग १४ शब्दांपर्यंतचा सर्वांना ठाऊक असलेला मजकूरही माफ. म्हणजे रात्रभर समानार्थी शब्द धुंडाळण्यापेक्षा एक तळटीप स्वस्त पडते. वाचतानाच वहीत दोन रकाने पाडावेत: एकात लेखक, पुस्तक, पान, दुसऱ्यात आपल्याला काय वाटलं ते. मग पुस्तक मिटून लिहायला बसावं. मिटलेल्या पुस्तकातून उतरवता येत नाही, त्यामुळे नाइलाजाने विचार करावा लागतो.

आणि विषय कापसाचाच असेल, तर आधी वडिलांना विचारा. ते सांगतील ते लिहा आणि खाली तळटीप द्या: मुलाखत, वडील, मावला, पुढे तारीख. टक्का वाढणार नाही, प्रकल्पाचं वजन मात्र नक्की वाढेल.