अण्णा, बर्फात रुतलो होतो

बॉस्टन, मे अखेर

ती. अण्णा आणि माय यांना शि. सा. न.

फोनवर माय 'जेवलास का'च्या पुढं जाऊ देत नाही, म्हणून पत्र. बिलोलीत ऊन डोक्यात जातंय म्हणता. आम्ही परवा मांडीभर बर्फात होतो. माय, आधी पूर्ण वाच, मग रड.

इथल्या मराठी मंडळातली दहा-बारा जणं न्यू हॅम्पशायरच्या फ्रँकोनिया रिजवर गेलो. लिटल हेस्टॅक, लिंकन, लफायेट अशी शिखरं एकाच धारेवर. त्यातलं उंच लफायेट १६०० मीटर, आपल्या कळसूबाईहून थोडं कमीच. म्होरके पुण्याचे. दर रविवारी सिंहगड चढायचे, एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्यांना धीर दिला. आपल्याला चढ म्हणजे मांजरेचा काठ. मी मान डोलावली.

खाली कोवळी पालवी, धबधबे आणि डोळ्यांत शिरणाऱ्या काळ्या माशा. वर झाडं बुटकी होत गेली नि वाट पांढरी. हिवाळाभर लोकांनी तुडवून घट्ट केलेला बर्फ झाडांच्या सावलीत लवकर विरघळत नाही. कडेचा मऊ पडतो, मधला वरंब्यासारखा उरतो. वरंब्यावरून पाय घसरला की मांडीपर्यंत आत. तुमच्या सुनेनं आमच्या बुटांना साखळीचे काटे चढवले होते. पुणेकरांनी 'गरज नाही' म्हटलं आणि वाटेत बऱ्याचदा बसले. दर वेळी म्हणाले, "देखावा बघतोय." धुक्यात हात दिसत नव्हता.

धारेवर तर रात्री पडलेला ताजा बर्फ. पावणेतीन किलोमीटर ना झाड, ना आडोसा. दोन्ही अंगांना रचलेल्या दगडांच्या आतूनच चालायचं, बाहेर बोटभर उंचीची नाजूक झाडं असतात. ती बर्फाखाली गेली होती, तरी तुमच्या नातीनं त्यांच्या वतीनं सगळ्यांना दटावलं. जवळच्या माउंट वॉशिंग्टनवर १९३४ साली ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजला होता, ही माहिती म्होरक्यांना नेमकी तिथंच आठवली.

लफायेटवर धपाटे सोडले. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी धर्माबादी मिरचीचा ठेचा बोटभर चाखला. आधी टोपी काढली, मग जाकीट. मग परत मागितला.

सगळे धड उतरलो. माझं एक नख काळं पडलंय, तेवढंच. माय, नवस बोलली असशील तर नखापुरताच बोल.

पेरणीचं कळवा. सोयाबीन की कापूस, ते दादालाच ठरवू द्या. मला विचारून तो शेवटी स्वतःच्याच मनाचं करतो.

तुमचा,
बाळू