पंधरा किलोंची थंडी

डोंबिवलीत पारा 18 अंशांवर उतरला की आमच्या बिल्डिंगमध्ये माकडटोप्या निघतात. शेजारचे काका मफलर गुंडाळून दूध आणायला जातात आणि 'यंदा कडाका आहे हो' असं भेटेल त्याला सांगतात. थंडीच्या एवढ्या दांडग्या अनुभवावर आम्ही चौघं जूनमध्ये लडाखला निघालो.

टूरवाल्यांनी काय न्यायचं याची अर्ध्या पानाची यादी पाठवली होती. ती कोणी वाचली नाही, कारण तोवर सल्ले सुरू झाले होते. आत्या पंचवीस वर्षांपूर्वी सिमल्याला जाऊन आलेली. तिच्या मते दोन शाली आणि सुंठेची डबी पुरे. भाचा हिमालयात कधी गेला नव्हता, पण त्याने हिमालयाचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. त्याने उणे 30 अंशांत टिकणारी जॅकेटं घ्यायला लावली. लेहमध्ये जूनच्या दुपारी पारा विशीच्या घरात असतो, हे त्याच अर्ध्या पानावर लिहिलं होतं म्हणे.

जॅकेटं चौघांचीही लाल. "अहो, तिकडचे डोंगर तपकिरी आहेत, लाल उठून दिसतं," इति ही. लडाखचं हवामान कोणाला ठाऊक नव्हतं, रंगसंगती मात्र पाठ होती. पँगाँग तलावाकाठी नेसायच्या पैठणीवर दोन संध्याकाळी चर्चा झाली. मोरपंखी बाद, कारण पाणीच निळं, साडी त्यात बुडून जाईल. शेवटी राणी कलर ठरला. सोबत नथ. कपाटाच्या वरच्या फळीवरून स्वेटर उतरले, त्यांच्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास उतरला आणि तो परतीपर्यंत आमच्यासोबत होता.

विमानात माणशी 15 किलो. घरच्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग बॅग घेऊन उभा राहिलो, आणि वजाबाकी केली. बॅग 14 किलो निघाली. विमानतळावरचा काटा 18 म्हणाला. (घरचा काटा माझं वजनही कमी सांगत आला आहे, हे त्या दिवशी कळलं.) काउंटरवरच्या मुलीने जादा वजनाचा दर सांगितला तेव्हा हिने शांतपणे बॅग उघडली आणि म्हणाली, "घाला." मुंबईच्या जूनमध्ये, मध्यरात्री, आम्ही चौघांनी थर्मल, स्वेटर आणि लाल जॅकेटं चढवली. थर्मल दुकानदाराने 'शुद्ध सुती' म्हणून कौतुकाने विकलेले. दिल्लीत पहाटे विमान बदलेपर्यंत ते पिळून काढण्याजोगे झाले होते.

सुती कपडा घाम पितो आणि सोडत नाही. लेहला सकाळी गार वारा लागला आणि तो घाम अंगावरच थंड झाला. उणे 30ची जॅकेटं घालून आम्ही 10 अंशांत कुडकुडलो. लोकरीचं तसं नाही, ती ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. पण लोकरीचे दोन हातमोजे सोडले तर आमच्याकडचं सगळं 'लोकरीसारखं' होतं.

लेह 3,500 मीटरवर आहे. समुद्रसपाटीच्या मानाने हवा दोनतृतीयांशच, म्हणून पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी उन्हात हिंडलो आणि संध्याकाळी आरशात चार टोमॅटो दिसले. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्के वाढतात. अर्ध्या पानाच्या यादीत पहिल्याच ओळीत टोपी, काळा चष्मा आणि सनस्क्रीन होतं. आमच्याकडे थंडीवरचे इलाज तेरा होते, उन्हावर एकही नाही. आमचा ड्रायव्हर एक पातळ जॅकेट, गोल टोपी आणि गॉगल एवढ्यावर आठ दिवस वावरला.

खारदुंगला खिंडीत फलक उंची सांगतो 18,380 फूट. मोजमाप करणाऱ्यांच्या मते ती 17,582 आहे. आमच्यासारखाच तोही आठशे फूट जादा घालून उभा आहे, म्हणून मला तो फार जवळचा वाटला.

खरं शहाणपण तिकडच्या चांगथांग पठारावरच्या बकरीकडे आहे. बाहेर राठ केस, आत पश्मिन्याची मऊ लव. बाहेरचे केस वारा अडवतात, आतली लव हवा धरून ठेवते आणि त्या हवेची ऊब लागते. जाडजूड एकच काही घालण्यापेक्षा पातळ थर घालावेत, नको तेव्हा काढावेत, हे सगळे शिकवतात. बकरीला काढण्याची सोय नाही, म्हणून ती उन्हाळा जवळ आला की लव गाळते आणि माणसं ती विंचरून घेऊन शाली करतात. आम्ही त्यातली एक शाल घेतली. परतीच्या बॅगेत ती बसावी म्हणून काय टाकून द्यावं लागलं, ते हिच्या माहेरी कळू नये.

पँगाँगला पिवळ्या स्कूटरपुढे रांग होती. 'थ्री इडियट्स' 2009चा, रांग अजून तेव्हाचीच. सिनेमातली करीना लग्नातून पळून आली होती, त्यामुळे तिच्या नटण्याला कारण तरी होतं. वारा असा की राणी कलरची पैठणी काश्मीर की कन्याकुमारी ठरवेना. हिने पदर दातात धरला, नथ हातात धरली आणि ती लाल जॅकेट वरून चढवून स्कूटरवर बसली. फोटोत पैठणीचे काठ चार बोटं दिसतात.

पुढच्या मोसमात कोणी लडाखला निघणार असेल तर आमच्याकडे उणे 30ची चार लाल जॅकेटं आहेत. घेऊन जा, धुऊन परत करा किंवा परत करूच नका. माकडटोप्या मात्र मागू नका, डिसेंबर जवळ आलाय.