पी. पी. संगणक

आमच्या घरातला संगणक सुरू केला की स्वयंपाकघरातून हमखास प्रश्न येतो, "आत्ता कसली चटणी वाटतोयस?" इंग्लंडमधल्या रेडिंगच्या आमच्या घरात जिन्याखालच्या कोनाड्यात तो बसतो. घेतला तेव्हा त्याच्या पोटातल्या पंख्याचंही कौतुक होतं. आता पंख्याखेरीज आत दुसरं काही फिरतंय का, अशी शंका येते. बटण दाबायचं, चहाचं आधण ठेवायचं, आलं किसायचं, चहा गाळायचा आणि कप घेऊन परत यायचं. तेव्हा कुठे पडद्यावर 'वेलकम' उमटायला लागलेलं असतं. मी कधी तक्रार केली नाही. दिवसातले दोन जादा चहा बायकोच्या नजरेतून सुटतात ते त्याच्याच कृपेने.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-डागडुजी थांबली. विंडोज ११ साठी जी चिप लागते ती या म्हाताऱ्याकडे नव्हती. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, ती आम्ही घेतली. पण एक्स्टेन्शनवर असलेल्या सरकारी नोकराचं होतं तेच त्याचं झालं. खुर्ची आहे, काम नाही, आवाज मात्र पूर्वीचाच.

लेक सुट्टीला घरी आली होती. तिने काउन्सिल टॅक्सचं पाकीट उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. "बाबा, तू कॉम्प्युटरवर काय काय करतोस ते यावर लिही. आणि खरं लिही."

खरं लिहायला बसल्यावर पाकिटाची अर्धी बाजू कोरीच राहिली. काउन्सिल टॅक्स भरणे. मराठी पेपर वाचणे. क्रिकेटचा स्कोअर बघणे. रविवारी सकाळी साताऱ्याला आईशी व्हिडिओवर बोलणे, म्हणजे तिच्या कपाळाशी बोलणे, कारण तिच्या फोनमध्ये कपाळाखालचा भाग सहसा येत नाही. वर्षातून एकदा कुठल्यातरी सरकारी अर्जासाठी आपल्याच सहीचा फोटो काढून तो त्यांना हव्या त्या मापात कापणे. उरलेला वेळ, काहीतरी करायचं होतं ते आठवत नुसतं बसणे. जुना संगणक घेताना मी 'उद्या लागलं तर' असा हिशेब केला होता. लग्नघरी दहा पानं जास्तीची धरतात तसा. इतक्या वर्षांत त्या दहा पानांवर कोणी येऊन बसलं नाही.

"तुला क्रोमबॉक्स पुरे," लेकीने निकाल दिला. "घरी नुसता डबा. बाकी सगळं क्लाउडमध्ये."

क्रोमबॉक्स म्हणजे पडदा आणि कीबोर्ड नसलेला, तळहाताहून थोडा मोठा संगणक. सॅमसंगने पहिला काढला तो २०१२ साली. पडदा आपला, कीबोर्ड-माउस आपले, डब्यात मुख्यतः एक ब्राउझर. पत्रं, फोटो, हिशेब यांचा मुक्काम कुठेतरी दूर, इंटरनेटच्या पलीकडे. या देशात राहून ढगाच्या भरवशावर संसार मांडायचा, हे मला आधी पटेना. मग वाटलं, इथे भरवसा ठेवावा असं आकाशात दुसरं आहे तरी काय?

तरी 'सगळं दुसऱ्याकडे' हे मनात खुपत होतंच. दोन दिवसांनी भांडी पुसताना एकदम आठवलं, अरे, हे तर पी. पी.!

आमच्या लहानपणी फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचे. तोवर लोक लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर बिनदिक्कत शेजाऱ्याचा नंबर छापायचे आणि पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचे. ट्रंक कॉलच्या जमान्यात ठरावीक माणसालाच बोलावून द्यायच्या कॉलला 'पर्टिक्युलर पर्सन' म्हणत, त्याची ही आद्याक्षरं. आमचे पी. पी. जिन्यासमोरचे काका. त्यांच्या गॅलरीतून "फोनऽऽ" अशी हाळी आली की आई हात पुसत धावायची आणि मागोमाग आम्ही. उन्हाळ्यात बर्फ त्यांच्याच फ्रिजमधला. रविवारचा सिनेमा त्यांच्याच टीव्हीवर, सतरंजी मात्र आपली न्यायची. आमच्या घराची सगळी तांत्रिक प्रगती अशी शेजारच्या घरात झाली. तिचे नियमही होते. रात्री नवानंतर फोन नाही. बोलताना रडायचं नाही. फ्रिजमध्ये आपलं पातेलं खालच्या कप्प्यात. पुढे एक दिवस काकूंनी फोनशेजारी बोर्नव्हिटाचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यात नाणी टाकायला लागले.

आता क्लाउडकडे बघा. तिथेही खालचा एक कप्पा फुकट आहे. गूगलच्या खात्यात तो १५ जीबीचा. काही वर्षं फोटो त्या कप्प्यात धरत नसत, १ जून २०२१ पासून धरायला लागले. तो बोर्नव्हिटाचा डबा. खात्याकडे सलग दोन वर्षं फिरकलं नाही तर ते आवरून टाकायची मुभा त्यांनी नियमातच ठेवली आहे. काकूंनीही आमचं पातेलं एकदा असंच आवरलं होतं.

आणि शेजाऱ्याच्या यंत्रावर आपलं काम चालवायची ही रीत इथल्यांनाही नवी नाही. कचेरीचं रोजचं काम करणारा जगातला पहिला संगणक याच देशात, तोही चहावाल्यांनी बांधला. जे. लायन्स अँड कंपनी म्हणजे गल्लोगल्ली चहाची दुकानं आणि केक-पावाचे कारखाने. केंब्रिज विद्यापीठात 'एडसॅक' नावाचं यंत्र तयार होत होतं, त्याला त्यांनी पैसे दिले, त्याच्या धर्तीवर लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये आपलं यंत्र उभं केलं आणि नाव ठेवलं 'लिओ', म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. १९५१ च्या नोव्हेंबरात ते बेकरीचा हिशेब करायला लागलं. सहा हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह, पारा भरलेल्या नळ्यांची स्मृती, आणि ती सगळी मिळून नऊ केबीसुद्धा नाही. नाशिकचे मामा रोज सकाळी पाठवतात त्यातलं गुलाबाचं एक फूलही तिच्यात मावलं नसतं.

मला भावलं ते पुढचं. लिओला वेळ उरायला लागला तेव्हा लायन्सने बाहेरची कामं घेतली. १९५६ पासून फोर्ड मोटर कंपनीच्या कामगारांचे पगार या यंत्रावर निघायला लागले. मोटारी बनवणाऱ्यांचा हिशेब चहावाल्यांच्या घरी! पी. पी. च की. ढग हा शब्द तेव्हा फक्त पावसासाठी होता, एवढाच फरक.

आजचा ढगही जमिनीवरच असतो. आमच्याकडून लंडनला जाताना वाटेत स्लाउ लागतं. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोडक्या गाड्या दुरुस्त करून विकायचा उद्योग तिथे चालला, त्यातून ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली. १९३२ मध्ये मार्स चॉकलेट तिथे आलं. आज युरोपातल्या मोठ्या डेटा सेंटर वस्त्यांमध्ये या इस्टेटीची गणना होते. बिनखिडक्यांच्या करड्या इमारती, भोवती कुंपण, छतावर हवा थंड करणाऱ्या यंत्रांच्या रांगा. माझे फोटो त्यातल्याच एखाद्या इमारतीत आहेत, की आयर्लंडला, की आणखी कुठे, ते ठेवणारे सांगत नाहीत. तरी गाडी स्लाउला थांबली की माझी नजर आदराने तिकडे वळते. न जाणो, आपलंच पातेलं असायचं.

बायकोचा आक्षेप वेगळा होता. डबा विजेच्या बाबतीत गरीब असतो, हे मी तिला कौतुकाने सांगत होतो. समजा तो दहा वॅटवर वर्षभर अखंड चालू ठेवला, तरी अठ्ठ्याऐंशी युनिट. युनिटला पाव पौंड धरला तर बावीस पौंड. ती म्हणाली, "म्हणजे वीज वाचली नाही, शेजाऱ्याच्या मीटरवर गेली." मला उत्तर सुचलं नाही. २०२२ मध्ये पश्चिम लंडनच्या ईलिंग, हिलिंग्डन, हाउन्स्लो भागांत नवी घरं बांधणाऱ्यांना विजेच्या जोडणीसाठी काही ठिकाणी २०३५ पर्यंत थांबावं लागेल असं कळवलं गेलं होतं, आणि त्याचं एक कारण ही डेटा सेंटरंच होती. शेजाऱ्याच्या मीटरलाही अंत असतो.

एवढं होऊनही घ्यायचं ठरलं, कारण चटणी आता भिंतीपलीकडे ऐकू जायला लागली होती. पहिल्या दुकानात एक डबा अगदीच स्वस्त दिसला. मी पाकीट काढणार तेवढ्यात लेकीने फोनवर काहीतरी शोधलं. "बाबा, याला पिवळा स्टिकर आहे." इथल्या सुपरमार्केटांत संध्याकाळी, तारीख संपत आलेल्या पावावर आणि दह्यावर पिवळा स्टिकर लावून किंमत उतरवतात; आमच्या घरचं निम्मं दही तसं येतं. या डब्यांनाही तारीख असते. त्या दिवसापर्यंत नवे अपडेट आपोआप येतात, पुढे नाही. हल्लीच्या यंत्रांना ती दहा वर्षांची मिळते, पण वर्षं मोजतात त्या जातीचं यंत्र बाजारात आलं तिथपासून, आपण पैसे मोजले तिथपासून नव्हे. स्वस्तातला डबा कोरा होता, खोक्यात होता, आणि त्याचं आयुष्य जेमतेम दोन वर्षं उरलं होतं. दह्याचं एक बरं, वास तरी येतो.

शेवटी लांब तारखेचा घेतला. घरी जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलं. आत डबा, आणि डब्याच्या जवळजवळ निम्म्याने विजेचा अडाप्टर. बारशाला बाळ लहान आणि पाळणा मोठा, तशी गत. बायको आतून मिसळणाचा डबा घेऊन आली आणि शेजारी ठेवला. तिचा मोठा निघाला. "माझ्यात सात वाट्या आहेत," ती म्हणाली. "याच्यात काय आहे?" याच्यात आवाज नव्हता, ही माझ्या मते मोठीच गोष्ट होती. सीडी घालायला फट नव्हती, त्यामुळे कथाकथनाच्या सीड्यांची आमची चवड त्या दिवशी कायमची शोभेची झाली. पडद्याच्या पाठीला चार भोकं असतात, ती कशासाठी हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिथे एक पट्टी स्क्रूने बसवली, तिच्यात डबा अडकवला आणि पुढून बघणाऱ्याला घरात संगणक आहे की नाही याचा पत्ता लागेना.

तो सुरू व्हायला दहा सेकंदं लागली नाहीत. मी सवयीने आधण ठेवायला उठलो होतो. "झालंय सुरू," मागून आवाज आला. दोन जादा चहा त्या दिवशी बंद झाले.

महिन्याभराने एका संध्याकाळी ब्रॉडबँड गेलं. डबा चालू होता, पण शेजारी गावाला गेल्यावर पी. पी. फोनला जो अर्थ राहतो तेवढाच त्याला राहिला. थोड्या वेळाने कुंपणावरून शेजारच्या घरातले आजोबा डोकावले. तुमचंही गेलंय का, हे विचारायला. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी कचऱ्याच्या डब्यांचा वार सोडून काही बोललो नव्हतो. त्या दिवशी वीस मिनिटं बोललो. ते पोस्टात होते आणि लायन्सच्या दुकानातला चहा त्यांनी प्यायला होता. चहा बरा असायचा, असं त्यांचं मत पडलं.

जुना संगणक अजून जिन्याखालीच आहे. वडिलांनी निवृत्तीनंतर आठवणी टाइप केल्या त्या युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये. त्या फाइली नव्या डब्यात उघडल्या की 'आमचे गाव कृष्णेकाठी' असं हवं तिथे रोमन अक्षरांची आणि आकड्यांची भेळ दिसते. म्हाताऱ्याला मात्र त्या नीट वाचता येतात. म्हणून त्याची इंटरनेटची वायर काढून घेतली आहे आणि रविवारी त्याच्यासमोर बसून मी त्या आठवणी युनिकोडमध्ये उतरवतो आहे. एकोणीस पानं झाली, एकाहत्तर राहिली. चटणी वाटली जाते, चहाही होतो.

तुमच्या घरची यादी माझ्या पाकिटाएवढीच असेल तर असा डबा खुशाल घ्या. फक्त अपडेटची शेवटची तारीख दुकानातच बघा, आणि ज्या फोटोंची दुसरी प्रत नाही ते एका हार्ड डिस्कवर उतरवून घरात ठेवा. आमची डिस्क कपाटात पासपोर्टांशेजारी आहे. डब्याची तारीख जून २०३३ आहे. कागदावर लिहून ती मी त्याच्या बुडाला चिकटवली आहे.